टाकी फुल केली की गाडीत पेट्रोलचा वास: शोधायला सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल गाडी, वय सहा वर्षं, गेले तीन आठवडे आत पेट्रोलचा वास. टाकी फुल केली की दोन-तीन दिवस जास्त, मग कमी कमी होत जातो. सकाळी दार उघडलं की भपकारा येतो, गाडी धावायला लागली की जातो, कुठे थांबलात की परत जाणवतो. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. दोन ठिकाणी दाखवून झालं. एकानं टाकीचं झाकण बदललं, दुसऱ्यानं इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) साफ करून दिले. वास आहे तिथेच.

तुम्ही स्वतः जे लिहिलंय त्यातच निम्मं निदान झालेलं आहे, फक्त ते कुणी वाचलेलं दिसत नाही. गाडी आत घेतली की बहुतेक कारागीर विचारतात, ‘वास कुठून येतो?’ गिऱ्हाईक आपलं नाक फिरवतं आणि बोट दाखवतं, आणि पुढचा सगळा वेळ त्या बोटाच्या दिशेनं जातो. मी पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न वेगळा: वास कधी येतो? टाकी किती भरलेली असताना, इंजिन गार की गरम, गाडी उभी की चालू, पंखा कशावर. एवढं नीट कळलं तर गाडीला हात लावायच्या आधीच शोध एका कोपऱ्यापर्यंत येतो.

जागेच्या बाबतीत नाकावर विश्वास न ठेवण्याचं कारण साधं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती खाली बसते, पसरते आणि हवेची ओढ असेल तिकडे जाते. मागच्या सीटखालून निघालेली वाफ पुढे बसलेल्याला डॅशबोर्डातून आल्यासारखी वाटते, हे मी कितीदा तरी पाहिलंय. शिवाय नाक काही मिनिटांत सरावतं. ‘गाडी धावली की वास जातो’ यात थोडा वाटा या सरावाचाही असतो. म्हणून तपासताना माणूस बदलायचा. सकाळपासून गाडीजवळ न फिरकलेल्या घरातल्या कुणाला तरी बोलवा, दार उघडा आणि पहिल्या श्वासाला काय वाटतं ते विचारा. मी वर्कशॉपमध्ये हे काम नेहमी ऑफिसात बसणाऱ्या माणसाकडून करून घेतो. माझं नाक केव्हाच कामातून गेलंय.

धोक्याबद्दल आधी सांगतो, कारण वासानं काही लोक उगाच घाबरतात आणि काही नको तितके निर्धास्त असतात. हवेत साधारण १.४ टक्के पेट्रोलची वाफ झाली की ती ठिणगीनं पेटू शकते. माणसाच्या नाकाला मात्र ती याच्या कितीतरी पट कमी प्रमाणात, दहा लाखांत एखादा भाग असतानाच कळते. म्हणजे नुसता वास आला म्हणून गाडी त्या क्षणी पेटणार असं नाही. पण पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडत असतं, त्यामुळे ओलं पेट्रोल कुठेही दिसलं की हिशोब बदलतो. गाडीखाली थेंब पडत असतील, बॉनेटखाली एखादा पाईप ओला दिसत असेल, वासानं डोळे चुरचुरत असतील किंवा डोकं जड होत असेल, तर चावी फिरवायचीच नाही. ढकलून मोकळ्यावर काढायची आणि उचलून न्यायला लावायची. दुरुस्ती होईपर्यंत बंद गॅरेजमध्ये ठेवायची नाही. जमिनीलगत साठलेली वाफ शेजारच्या गीझरच्या ज्योतीपर्यंत सरपटत जाऊ शकते. तपासताना एलईडी टॉर्च वापरा, तापणारा जुना बल्ब लोंबकळवू नका, आणि पावडरचं किंवा फोमचं अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलवर पाणी मारलं तर आग पाण्यावर तरंगत पसरते. पेट्रोलमधलं बेन्झीन कर्करोगाला कारण होतं, तेव्हा लहान मुलांना अशा गाडीतून रोज नेणं मी तरी टाळीन.

आता ‘कधी’कडे वळू. सगळ्यात सोपी चाचणी पंख्याची. गाडी उभी, इंजिन चालू, काचा बंद. ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवून जोरात चालवा, मग आतलीच हवा फिरवणाऱ्या बटणावर न्या. केबिनमध्ये येणारी हवा पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरखालच्या जाळीतून आत घेतली जाते. ही जाळी बॉनेटच्या मागच्या कडेला लागूनच असते. बाहेरच्या हवेवर वास वाढला आणि आतल्या हवेवर कमी झाला, तर गळती इंजिनाकडे. उलट, आतल्या हवेवर वास साचत गेला आणि बाहेरची हवा सोडल्यावर पळाला, तर उगम मागे आहे किंवा केबिनमध्येच आहे. तुमचा वास गाडी धावताना जातो म्हणताय. धावताना पुढून हवा आत रेटली जाते आणि मागच्या बंपरआडच्या झडपांतून बाहेर पडते, म्हणजे मागची वाफ मागच्या मागे निघून जाते. उभ्या गाडीत हा प्रवाह थांबतो. माझा कल मागच्या बाजूकडे झुकला तो इथेच, आणि टाकीचं वाचल्यावर शंका जवळजवळ उरली नाही.

टाकी फुल असताना येणारा आणि पाऊण टाकीच्या खाली विरणारा वास टाकीच्या वरच्या भागातल्या गळतीचा असतो. पेट्रोल तिथपर्यंत पोचतं तेव्हाच पाझरतं. बहुतेक गाड्यांत टाकी मागच्या सीटखाली असते, तिच्या डोक्यावर पंपाची प्लॅस्टिकची थाळी बसवलेली असते, थाळीखाली रबराचं सील आणि वरून एक मोठी रिंग. त्याच थाळीतून इंजिनाकडे जाणारा पाईप निघतो. या पाईपात तीन ते चार बार दाब असतो. म्हणजे दोन वेगळे दोष एकाच जागी होऊ शकतात: सील गेलं तर वाफ आणि उसळलेलं पेट्रोल, पाईपचं तोंड तडकलं तर दाबाखालचं पेट्रोल. सीलच्या गळतीचा टाकीच्या पातळीशी संबंध असतो. तडकलेल्या तोंडाचा नसतो, ते टाकी रिकामी व्हायला आली तरी पंप चालू असेपर्यंत फवारत राहतं. तुमच्या वर्णनावरून सील असण्याची शक्यता जास्त आहे, पण दोन्ही बघितल्याशिवाय सीट परत बसवू नका.

मग दिवा का लागला नाही? हा प्रश्न तुम्ही दोनदा विचारलाय, आणि दिवा नाही म्हणून पहिल्या कारागिरानं गळतीच नाही असं ठरवलेलं दिसतं. टाकीची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून गाडीत वेगळी यंत्रणा असते. ज्या गाड्यांत तिची स्वतःची गळती-तपासणी असते त्या गाड्या अर्ध्या मिलिमीटरच्या भोकासाठीही पी०४५६ असा कोड टाकू शकतात. पण ही तपासणी बऱ्याच गाड्यांत टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच चालते. तुमचं सील पाझरतं ते टाकी काठोकाठ भरलेली असताना, म्हणजे नेमकं तपासणी सुट्टीवर असताना. शिवाय सगळ्याच गाड्यांत ही तपासणी नसते, आणि इंजिनाकडे जाणाऱ्या दाबाच्या पाईपची गळती तिच्या कक्षेतच येत नाही. दिवा लागला तर उपयोग आहे. लागला नाही यावरून काहीही सिद्ध होत नाही.

करायचं काय ते सांगतो. टाकी फुल करा, एक फेरी मारून या, इंजिन बंद करा. मागच्या सीटची बैठक उचला. काही गाड्यांत ती ओढली की निघते, काहींत पुढच्या कडेला दोन बोल्ट असतात. खाली गालिचा, त्याखाली पत्र्याचं किंवा रबराचं गोल झाकण. ते झाकण काढायच्या आधी नाक जवळ न्या, आणि मग काढा. गळती असेल तर फरक इतका ठळक असतो की कुणाला विचारावं लागत नाही.

आता टॉर्च तिरकी धरून थाळीभोवती बघा. तिथे वर्षानुवर्षांची बारीक धूळ बसलेली असते आणि ती धूळच तुमची साक्षीदार. कोरडी असेल तिथे ती फिकट आणि भुसभुशीत दिसते. वाफ पाझरत असेल तिथे गडद होऊन चिकटलेली असते, आणि ओलं पेट्रोल वाहत असेल तिथे धुवून निघालेला स्वच्छ ओघळ दिसतो. मागे माझ्याकडे एक गाडी आली होती, तिच्यात रिंगच्या तीन बाजू पांढऱ्या धुळीच्या आणि एका बाजूला बोटभर रुंद काळा डाग. डाग नेमका पाईपाच्या तोंडाखाली. सील ठणठणीत होतं. आधी कुणीतरी पाईपाची क्लिप स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून काढली होती आणि प्लॅस्टिकच्या तोंडाला केसाएवढा तडा गेला होता. चावी ऑन करून पंपाचा दाब आला की त्या तड्यातून एक थेंब फुगायचा, ओघळायचा, आणि मी दुसऱ्याला हाक मारेपर्यंत उडून जायचा. तेव्हा पुसून कोरडं करा, कुणाला तरी चावी ऑन करायला सांगा आणि डोळे तिथेच ठेवा. काही गाड्यांत टाकीच्या दोन्ही बाजूंना अशी झाकणं असतात. दुसरं उघडायचा कंटाळा करू नका.

दोष सीलचा निघाला तर दुरुस्ती अवघड नाही, पण घाईत बिघडवून ठेवलेली उदाहरणं खूप आहेत. टाकी अर्ध्याच्या खाली आणा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल, मग दोनदा सेल्फ मारा म्हणजे पाईपातला दाब उतरेल. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. दारं उघडी, काम मोकळ्या हवेत. रिंगला हात लावायच्या आधी सगळी धूळ ब्रशनं काढून ओल्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर ती टाकीत जाते. रिंग काढायला तिचं हत्यार मिळतं, ते वापरा. लोखंडी छिन्नी आणि हातोडी घेऊन उघड्या टाकीवर ठोकणारे लोक मी पाहिलेत. थाळीवर बाणाची खूण असते, ती कुठे आहे ते लक्षात ठेवा. बाहेर काढताना फ्लोटचा (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या तुकड्याचा) दांडा वाकू देऊ नका, वाकला की गाडीचा काटा कायमचा खोटं बोलतो. जुनं सील पेट्रोलनं फुगलेलं असतं आणि खाचेत परत मावत नाही. एक दिवस वाळवलं की आक्रसून मावतं, आणि ‘बसलं की!’ म्हणून लोक तेच लावतात. महिन्याभरात वास परत. सील नवीनच, आणि त्याच गाडीचं. त्याला सिलिकॉनचं लुकण फासू नका, नेहमीचं सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही. पाईप परत जोडताना टक असा आवाज आला पाहिजे, आणि आवाज आल्यावरही एकदा ओढून बघायचं.

थाळीचं तोंडच तडकलं असेल तर एपॉक्सीनं सांधण्याच्या भानगडीत पडू नका. दाबाखालचं प्लॅस्टिक आहे ते. थाळी किंवा अख्खं पंप मोड्यूल बदला. ज्या गाड्यांना सीटखाली झाकणच नाही, त्यांत टाकी खाली उतरवावी लागते, आणि ते घरी करायचं काम नाही.

सीटखाली सगळं कोरडं निघालं तर पुढचा संशयित भरण्याचा पाईप, म्हणजे झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा पडदा असतो, त्याआड तो लपलेला असतो, आणि चाकानं उडवलेला चिखल नेमका तिथेच साठतो. पाईप लोखंडी असेल तर चिखलाखाली गंजतो, आणि टाकीला जोडणारा रबरी तुकडा तडकतो. याची ओळख अशी की वास पेट्रोल भरता भरता आणि नंतरच्या तासाभरात सगळ्यात जास्त येतो, आणि गाडीत बसलेल्यापेक्षा मागच्या चाकाजवळ उभा राहिलेल्याला आधी कळतो. रबरी तुकडा बदलताना पाण्याचा किंवा हवेचा होज लावू नका, तो पेट्रोलनं काही महिन्यांत लिबलिबीत होतो. पुढे इंजिनाकडच्या दाबाच्या जागी होज लावायची वेळ आली तर त्यावर ‘३० आर ९’ छापलेलं बघून घ्या. ‘३० आर ७’ कमी दाबाचा असतो.

आणि एक सवय विचारतो: नोझल एकदा टक करून थांबल्यावर तुम्ही ‘अजून थोडं’ म्हणून भरून घेता का? टाकीच्या वर वाफेसाठी मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. तिच्यात पेट्रोल कोंबलं की ते वाफेच्या पाईपातून कोळशाच्या डब्यात जातं. त्या डब्याचं, म्हणजे कॅनिस्टरचं, काम वाफ धरून ठेवून इंजिनाला हळूहळू पाजायचं, द्रव पेट्रोल झेलायचं नाही. एकदा भिजला की कित्येक दिवस वास सोडतो, आणि वारंवार भिजला की आतला कोळसा फुटून त्याचे दाणे पर्ज व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे डब्यातली वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या झडपेत, अडकतात. मग व्हॉल्व्ह उघडाच राहतो. पेट्रोल भरल्यावर गाडी पटकन चालू होत नसेल, दोन-तीनदा सेल्फ मारून ॲक्सिलरेटर दाबावा लागत असेल, तर हाच दोष समजा. व्हॉल्व्ह काढून वायर न जोडता एका बाजूनं फुंकून बघा, हवा आरपार जाता कामा नये. फुंकायचं, ओढायचं नाही. हे सांगावं लागतं, कारण मी एकदा ओढलंय.

तुमचं झाकण बदलणाऱ्याला मी फार दोष देत नाही. झाकण स्वस्त असतं, अर्ध्या मिनिटात बदलता येतं. पण झाकणाचा वास बाहेर येतो, बंद केबिनमध्ये सहसा नाही. इंजेक्टर ‘साफ’ करण्याचा मात्र या तक्रारीशी काही संबंध मला लागत नाही. उलट त्यांनी रेल (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) काढली होती का, ते विचारा. इंजेक्टरच्या वरच्या-खालच्या ओ-रिंग (रबराच्या गोल कड्या) नव्या घातल्या नसतील तर जुना वास राहून एक नवा सुरू व्हायचा.

हा इंजिनाकडचा दोष तपासणाऱ्याला हमखास चकवतो, म्हणून जरा सविस्तर. ओ-रिंगचं रबर जुनं झालं की गारठ्यात आक्रसतं. पहाटे पहिल्यांदा इंजिन चालू केलं की तिथून पाझर फुटतो, आणि इंजिन तापलं की रबर फुगून पाझर बंद. गिऱ्हाईक गाडी घेऊन माझ्याकडे पोचतं तोवर ती गरम असते आणि सगळं खडखडीत कोरडं. अशी गाडी रात्री ठेवूनच घ्यावी लागते. सकाळी बॉनेट आधी उघडायचं, चावी ऑन करायची, इंजिन चालू करायचं नाही, आणि प्रत्येक इंजेक्टरच्या मानेवर टॉर्च फिरवायची. दिसलंच तर एक चकाकणारं वर्तुळ दिसतं, तेही पाच-सात सेकंद. डोळ्यांनी पकडता आलं नाही तर एक्झॉस्टचा धूर तपासायच्या यंत्राची नळी जवळून फिरवतो, हायड्रोकार्बनचा आकडा उडी मारतो ती जागा. फक्त नळीनं द्रव पेट्रोल ओढू द्यायचं नाही, यंत्र जातं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनात मोठ्या दाबाची बाजू १०० बारच्याही वर असते. तिथे बोट लावून गळती चाचपणं म्हणजे कातडीत पेट्रोल टोचून घेणं, ते कुणीच करू नये.

जाता जाता इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. इंजेक्टर टपकतोय, किंवा मोठ्या दाबाच्या पंपाचं सील गेलंय, किंवा गाडी फक्त गार इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांनाच वापरली जातेय. तुमच्या लक्षणांत हे बसत नाही, पण बघायला एक मिनिट लागतं आणि ऑइल पातळ झालं तर इंजिनाचे बेअरिंग जातात.

कच्च्या पेट्रोलचा वास आणि अर्धवट जळलेल्या धुराचा वास यांत गल्लत करू नका. दुसरा डोळ्यांना झोंबतो, इंजिन मिसिंग मारत असताना येतो आणि डिकीच्या दाराचं रबर फाटलं असेल तर मागून आत शिरतो. त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो, ज्याला वास नाही, तेव्हा तो जास्त धोक्याचा.

डिझेलच्या गाडीला यातलं अर्धंच लागू. डिझेल सहज उडून जात नाही, त्यामुळे गळती ओलीच सापडते. बहुतेकदा इंजेक्टरच्या परतीच्या बारीक नळ्या किंवा फिल्टर.

दुरुस्ती झाल्यावर तपासणी टाकी फुल करूनच घ्या. अर्ध्या टाकीवर प्रत्येक दुरुस्ती यशस्वी दिसते. आणि पहिल्या दोन-चार दिवसांत केबिनमध्ये हलका वास राहिला म्हणून निराश होऊ नका. सीटचा फोम आणि गालिच्याखालचा नमदा वास धरून ठेवतात, दारं उघडी टाकून उन्हात दोन दिवस ठेवली की बराच जातो. त्या नमद्यात ओलं पेट्रोल झिरपलं असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, तुकडा बदला. खरा निकाल केबिनमध्ये घेऊच नका. आठवड्यानं, फुल टाकीवर, सीट उचलून ते गोल झाकण उघडा आणि तिथे हुंगा. थाळीभोवतीची जागा पुसून ठेवली होतीत, ती तशीच कोरडी असेल तर झाकण बसवा. ओली असेल तर कुठल्या बाजूला ओली आहे याचा फोटो काढून पाठवा, आणि गाडीला आतली रिंग एक आहे की दोन तेही लिहा.